आंग्र्यांच्या खिळ्याच्या शोधात चार दिवस

आमचं पोट नट-बोल्टवर चालतं. भोसरीच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. हातात मापं घ्यायचं व्हर्नियर, समोर ट्रे, मनात रविवार. अशा माणसाला सुट्टीत तरी खिळे-बोल्ट दिसू नयेत, पण गेल्या दिवाळीत विजयदुर्गच्या पुळणीवर अनवाणी चालताना एक गंजका मोळा माझ्या टाचेत घुसला. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी रांगेत बसले होते तेव्हा वेदनेपेक्षा एकच प्रश्न छळत होता: हा आला कुठून?

प्रश्न उगाच नव्हता. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांच्या वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ विजयदुर्गावर चालून आलं, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचा काफिला किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभा होता. आग आधी लागली ‘रिस्टोरेशन’ला. हे जहाज आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच हिसकावलेलं. तिथून ती गुराबा-गलबतांवर गेली आणि काही तासांत सगळं आरमार संपलं. लाकूड जळालं असेल. पण खिळे काही जळत नाहीत! ते गेले कुठे?

तर या वर्षी गणपती झाल्यावर, पितृपक्ष सरता सरता चार दिवसांची रजा टाकून मी आणि माझा मामेभाऊ निघालो. त्याला गाडी चालवायची होती, मला खिळा हवा होता. सामान थोडंच होतं: व्हर्नियर, लोहचुंबक, सोनाराचा असतो तसला छोटा वजनकाटा, दातांचे जुने ब्रश, झाकणाचे डबे आणि एक किलो धुण्याचा सोडा. सोडा कशाला, ते पुढे येईल.

पहिला दिवस : चतुर्दशी, विजयदुर्ग

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घाटात धुकं होतं, तळेऱ्याला वडापाव खाल्ला, दुपारी तीनला पोचलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकींनी आल्या आल्या तवसाळं समोर ठेवलं. जून काकडीचं, गुळाचं, हळदीच्या पानाचा वास लागलेलं. आम्ही दोघांनी अर्धी थाळी संपवली आणि मग काकींनी विचारलं, “किल्लो बघूक इलास?”

“नाही, खिळे शोधायला,” मी म्हटलं.

काकींनी मामेभावाकडे पाहिलं. तो म्हणाला, “मी फक्त ड्रायव्हर.”

भरती-ओहोटीचं गणित काकींच्या यजमानांनी तोंडी सांगितलं. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. अमावास्या म्हणजे १५, तर सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवले किंवा वजा केले की पूर्ण सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, म्हणून शोधायला हेच दिवस. अष्टमीच्या भांगाला गेलात तर अर्धा किनारा पाण्याखालीच राहील. आणि जायचं ते पावसाळा सरता सरता. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, जड वस्तू मागे उरतात. दिवाळीनंतर वाळू परत येते आणि सगळं पांघरुणाखाली जातं.

संध्याकाळी किल्ल्याजवळच्या खडकांतून हिंडलो. पहिला धडा लोहचुंबकानेच दिला. वाळूत टेकवला आणि उचलला तर त्याला काळी दाढी फुटली. कोकणच्या वाळूत लोखंडाची काळी रेती मिसळलेली असते. ती चुंबकावरून खरवडून निघता निघत नाही. तेव्हा चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पिशवी उलटी केली की रेती आपोआप गळते. पण ती काळी रेती कामाचीही आहे. लाटा वस्तूंची वजनाप्रमाणे निवड करतात. जिथे काळी रेती, गोटे आणि जाड शिंपले एका पट्ट्यात साचलेले दिसतील तिथे धातू असण्याची शक्यता जास्त. प्लॅस्टिक आणि नारळाच्या करवंट्यांची रेघ वर असते, तिथे वेळ घालवू नका.

अंधार पडता पडता दोन खडकांच्या फटीत एक ढेकूळ दिसलं. भोपळ्याच्या फोडीएवढं, विटकरी, वर शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू सिमेंट लावल्यासारखी चिकटलेली. दगडच वाटावा, पण चुंबक अगदी नावापुरता ओढला गेला. ढेकूळ एका बाजूने उभं फुटलेलं होतं. टॉर्च मारला तर आत चौकोनी नाळ होती, एका टोकाला रुंद, दुसऱ्याकडे निमुळती होत गेलेली, भिंती काळ्या आणि गुळगुळीत. आत काहीच नव्हतं.

मी दहा मिनिटं तिथेच उकिडवी बसले. लोखंड समुद्रात पडलं की गंजताना त्याच्याभोवती वाळू-चुना-शिंपले यांचं कवच धरतं. मग कवचाच्या आतलं लोखंड वर्षानुवर्षं विरघळत जातं, आणि कधी कधी पूर्ण संपतं. खिळा नाहीसा होतो, खिळ्याचा साचा उरतो. वाचलं होतं, पण पाहिलं पहिल्यांदाच.

ढेकूळ उचललं नाही. विजयदुर्ग हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत खोदकाम-बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीचं काम. मी खोदत नव्हते हे खरं, पण अशा जागेवरची वस्तू खिशात घालणं मला पटत नाही. फोटो काढला, शेजारी व्हर्नियर ठेवून.

दुसरा दिवस : सर्वपित्री अमावास्या, गिर्ये

पहाटे पाचला सुकती म्हणजे मिट्ट काळोखात. आम्ही साडेपाचला उतरलो. मामेभाऊ डोक्याला टॉर्च बांधून पुढे आणि मी मागे. मतलई वारा अंगाला गार लागत होता. आज माझ्या हातात एक पिशवी जास्तीची होती. रात्री जेवताना मी त्या साच्याचं वर्णन करत होते, तेव्हा काकींचा मुलगा म्हणाला, शाडू देऊ का? त्यांच्या शेजारीच गणपतीची शाळा. यंदाची माती गोणपाटाखाली ओली करून ठेवलेलीच होती.

ढेकूळ जागेवर होतं. साच्याला बोटाने खोबरेल लावलं, शाडूची वळकटी करून अंगठ्याने दाबत दाबत भरली, पाच मिनिटं थांबले आणि हलक्या हाताने सोडवली. हातात खिळा आला, करडा, मऊ आणि ओला. डोक्यापासून टोकापर्यंत १४२ मिलिमीटर, डोक्याखाली १४ मिलिमीटर चौकोनी, खाली निमुळता. आणि डोकं! त्यावर घणाचे चार-पाच तिरके ठोके पडून झालेल्या सपाट्या, गुलाबाच्या कळीसारख्या. कारखान्यातलं डोकं एका ठोक्यात बसतं आणि सगळीकडे सारखं असतं. हे डोकं कुणी तरी ऐरणीवर, लाल लोखंड फिरवत फिरवत बसवलं होतं. एका सपाटीवर ठोका थोडा घसरलाय, तेही मातीत उतरलं.

मामेभाऊ म्हणाला, “आंग्र्यांचा?”

मी गप्प बसले. मनात होकार देऊन मोकळी झाले होते.

सकाळी गिर्ये. विजयदुर्गापासून खाडीने आत सुमारे ३ किलोमीटरवर मराठ्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली. सुमारे १०९ मीटर लांब, ६९ मीटर रुंद. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांच्या काळातली, १७५९ची असं सांगतात. म्हणजे आंग्र्यांचा काफिला जळाल्यावर तीनच वर्षांनी पुन्हा जहाजं बांधायला-दुरुस्तीला सुरुवात. आता आत चिखल, तिवरं आणि बगळे. काठावर उभं राहून डोळे बारीक केले तरच भरतीबरोबर आत येणारं गलबत दिसतं. इथे काही शोधायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. तरी माझी नजर चिखलावरून हलेना. शेवटी मामेभावाने दंडाला धरून गाडीत बसवलं.

दुपारी काकींकडे पितरांचं पान. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. वाडी ठेवली तरी कावळा काही येईना. सगळे ताटावर हात जोडून बसलेले. तेवढ्यात हत्तीचा पाऊस आला, असा आला की पागोळीची दोरी न राहता भिंत झाली. कावळा पाऊस थांबल्यावर आला. तोवर वडे थंड, पण सांबारं असं होतं की कुणी तक्रार केली नाही.

पावसाच्या उघडिपीत जवळच्या लोहारांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, भाता आता विजेच्या पंख्याचा. मी शाडूचा खिळा रुमालातून काढून दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला आणि घसरलेल्या ठोक्यावर नख ठेवलं.

“पोराचो हात,” ते म्हणाले. “शिकाऊ असतलो.”

“किती जुना असेल?”

“ता कसा सांगतलंय? माझो आजोय असेच मारी. बापूस पण. मी ल्हान होतंय तेव्हा होडयेचे मोळे आमच्याकडेच व्हायचे.”

माझा फुगा तिथेच बसला. चौकोनी अंग, निमुळतं टोक आणि ठोक्यांचं डोकं यावरून खिळा हाताने घडवलाय एवढंच कळतं. केव्हा, ते कळत नाही. कोकणात गावोगावच्या लोहारांनी तो त्याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या घडवला. विलायतेत तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर निघू लागले, पण म्हणून इथल्या लोहाराने दुसऱ्या दिवशी ऐरण विकली नाही. गोल अंग आणि डोक्याखाली पकडीचे आडवे चरे दिसले तर खिळा यंत्राचा, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं. उलट बाजूने खात्री नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली ती सोन्यासारखी. कोपऱ्यातला एक जुना, गंजून अर्धा झालेला गज घेतला आणि म्हणाले, हा बघ आणि तुझा आजचा बघ. जुना गज लाकडासारखा उभा तंतू-तंतू होऊन झिजला होता, अगदी भिजून वाळलेल्या बांबूसारखा. ते जुनं घडीव लोखंड. त्यात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, धागे असतात, गंज त्यांच्या कडेकडेने शिरतो. आजचं पोलाद असं उसवत नाही. ते खड्डे पडून किंवा पापुद्रे सुटून जातं. हे तंतू दिसले की माझ्या वहीत खूण करायची, हे ठरलं.

तिसरा दिवस : प्रतिपदा, देवगडच्या दक्षिणेला

देवगड ओलांडून कुणकेश्वर. देवळाबद्दल सांगतात की वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, त्याने नवस बोलला, जीव वाचला आणि त्याने देऊळ बांधलं. खिळे शोधणाऱ्या माणसाने याहून योग्य देव शोधू नये. नमस्कार केला आणि पुढे तांबळडेगच्या लांबच लांब पुळणीवर.

सुकतीची वेळ पावणेसहाची होती, आम्ही पोचलो साडेसातला, म्हणजे पाणी परतायला लागलेलं. तरीही हा दिवस सगळ्यांत भरघोस ठरला. आधी सापडली एक हिरवी काडी. उचलली तर बोटभर खिळा: ३८ मिलिमीटर, सपाट गोल डोकं, चौकोनी अंग, टोक बोथट. चुंबकाने ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे तांबं किंवा त्याचा कुणी भाऊबंद.

इतके आखूड, चपट्या डोक्याचे बिनलोखंडी खिळे कशासाठी, याचं उत्तर जहाजाच्या बुडात आहे. लाकडी बुडाला समुद्री किडा पोखरतो, शेवाळ-कालवं धरतात. म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा हरला, पण दोन वर्षांनी पाहतात तर पत्र्याखालचे लोखंडी खिळे खाऊन टाकलेले! खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने जातं. तेव्हापासून पत्र्याचे खिळे आणि पुढे पाण्याखालचे मोठे बोल्टही तांब्याचे किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे करावे लागले. १७८०च्या दशकात हे बोल्ट सर्रास झाले.

नक्की कुठला धातू, हे रात्री खोलीवर पाहिलं. कृती सोपी आहे. आधी कोरडं वजन: ११.८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचा, खिळा दोऱ्याने असा सोडायचा की तो बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा १.४ दाखवतो, तेवढं पाणी खिळ्याने बाजूला सारलं. ११.८ भागिले १.४ म्हणजे ८.४. तांबं ८.९ असतं, तांब्या-कथलाचं कासं ८.७-८.८, पितळ ८.४, लोखंड ७.८, शिसं ११.३. इतक्या छोट्या वस्तूत काट्याची चूकही धरायला हवी, पण डोक्याखाली ओतकामाची शिवण होती आणि एका टवक्याच्या आत पिवळा रंग. पत्र्याचे खिळे आधी तांब्या-कथलाचे ओतत. १८३२मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मुंट्झने ६० भाग तांबं, ४० भाग जस्त अशा स्वस्त पितळेचं पेटंट घेतलं आणि पत्रे-खिळे पिवळे झाले. माझा खिळा बहुधा त्यानंतरचा. बहुधा!

काकींच्या घरून निघालो होतो तरी त्यांचा फोन आला होता. तांब्याचा खिळा मिळाला म्हटल्यावर म्हणाल्या, चिंचेने घास, लखलखेल. कृपा करून हे करू नका. हिरवा थर ही त्याची कातडी आहे, तिच्यावर खुणा असतात. साध्या पाण्यात ठेवावं, पाणी बदलत राहावं. आणि लोखंड नि तांबं एका डब्यात कधीच ठेवू नये. ‘अलार्म’ची गोष्ट डब्यातही घडते.

पण खरी गंमत पुढेच. परतताना, ओहोळ जिथे पुळणीला मिळतो तिथे, वाळूतून चौकोनी लोखंड वर आलेलं दिसलं. ओढलं तर वीतभर लांब मोळा: भक्कम, पंधरा-सोळा मिलिमीटर चौकोनी, टोक छिन्नीसारखं, आणि डोकं एका बाजूला पुढे आलेलं, घोड्याच्या जबड्यासारखं. घडीव! जाड! मोठ्या जहाजाचाच! मी तिथल्या तिथे मामेभावाला आंग्र्यांची अख्खी वंशावळ ऐकवली. असं एकीकडे झुकलेलं डोकं कशासाठी, याचा सिद्धान्तही मांडला: जाड फळीची कड दाबून धरायला. त्याने फोटो काढले. मी त्यात इतकी हसतेय की ते फोटो आता दाखवायची सोय नाही.

तेवढ्यात पावसाने गाठलं. पळता पळता व्हर्नियर वाळूत पडलं आणि त्याचा जबडा कचकचायला लागला. चिडचिड झाली. मोळा मात्र छातीशी धरलेला.

रात्री मोळा वर्तमानपत्रावर ठेवून झोपले, सोड्याचं पाणी सकाळी करू म्हटलं. सकाळी कागदावर नारिंगी डाग आणि एक पापुद्रा सुटून बाजूला पडलेला. समुद्राचं मीठ लोखंडात भिनलेलं असतं. ते वाळलं आणि हवा लागली की आतून गंज फुलतो. म्हणून लोखंड सापडलं की ओलंच ठेवावं, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, आणि पाणी अधूनमधून बदलावं. महिनोन्‌महिने. हातमोजे घाला. हे मला माहीत होतं. आळस केला.

चौथा दिवस : द्वितीया, मालवणच्या वाटेवर

मालवणकडे जाताना एका खाडीकाठी माडांच्या सावलीत होडी बांधायचं काम चाललं होतं. मेस्त्री खाली वाकून फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकत होते. राळेचा आणि ताज्या लाकडाचा वास. आम्ही बराच वेळ नुसतं पाहत उभे राहिलो. मग त्यांनीच बसायला फळकूट दिलं.

मी मोळा काढला. सोड्याच्या पाण्याच्या डब्यातून, दोन्ही हातांनी, देव बाहेर काढावा तसा.

मेस्त्रींनी हातात घेतला नाही. नुसतं पाहिलं आणि हसले.

“गो बाय, ह्यो होडयेचो न्हय. ह्यो रेल्वेचो.”

“रेल्वेचा? पण इथे समुद्रावर कुठली रेल्वे?”

त्यांनी हाताने दाखवलं. होडी ज्यावरून पाण्यात ढकलतात ते आडवे ओंडके: काळे, तेलकट, चौकोनी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. कुठे कुठे बंदरांत, होड्या ओढायच्या जागी असे स्लीपर मोडीतून आणून टाकतात, आणि त्यांत कधी कधी रूळ धरणारे खिळे तसेच असतात. एकीकडे पुढे आलेलं डोकं फळीची नव्हे, रुळाची कड दाबून धरतं. मागच्या ओंडक्यात तसाच एक शिल्लक होता. माझ्या मोळ्याचा जुळा भाऊ.

मामेभाऊ तोंड फिरवून खाडी बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

वाईट वाटून घ्यायला मेस्त्रींनी वेळ दिला नाही. “जहाजाचो खिळो बघूचो तर वाकडो बघ,” म्हणाले, आणि एका जुन्या फुटक्या होडीच्या फळीतून ओढून काढलेला खिळा दाखवला. होडीचा खिळा फळीतून आरपार काढतात आणि आतल्या बाजूला त्याचं टोक वाकवून परत लाकडात मारतात, म्हणजे तो सुटत नाही. त्या खिळ्याला काटकोनात वाक होता. डोक्यापासून वाकापर्यंत मी मोजलं: ६४ मिलिमीटर.

“फळी किती जाड होती?” त्यांनी विचारलं.

मला उत्तर आलं तेव्हा अंगावर काटा आला. ६४. खिळा वाकतो तिथे लाकूड संपतं. म्हणजे नुसता वाकडा खिळा हातात आला तरी त्यावरून फळी आणि आतला बाक, म्हणजे होडीची फासळी, मिळून किती जाडीचं लाकूड होतं ते सांगता येतं. आणि जाडी कळली की होडी की मोठं गलबत याचा अंदाज बांधता येतो. डोकं लाकडात किती बुडवलं होतं ते मात्र धरायचं. मेस्त्री खिळ्याचं डोकं फळीत खोल घालून वर लांबी (पुटी) भरतात. आजवर असे वाकडे खिळे मी ‘खराब’ म्हणून परत वाळूत टाकत आले होते.

लोखंड सागात टिकतं, हेही त्यांनीच सांगितलं. सागाचं तेल खिळ्याला सांभाळतं. विलायतेतल्या ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंड खातं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या सागाच्या जहाजांना एवढी मागणी का होती, यातलं एक कारण हेच. १८१७मधली ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आणि खिळ्यांशिवायही जहाजं होतीच की. पोर्तुगीज यायच्या आधी अरबी समुद्रात काथ्याच्या दोरीने शिवलेली जहाजं सर्रास चालत. ती बुडाली तर किनाऱ्यावर शोधायला काही उरत नाही.

मेस्त्रींच्या वडिलांना, सगळे त्यांना आबा म्हणत होते, आमचं बोलणं पडवीतून ऐकू येत होतं. त्यांनी नातीला हाक मारून दाराचा अडसर मागवला. ती दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. गोल दांडा, फूटभर, हिरवा-तपकिरी. हात लागून लागून मधला भाग लालसर चकचकीत. चुंबक लागला नाही. कचकचत्या व्हर्नियरने व्यास घेतला: २५.४. बरोबर एक इंच. एका टोकाला त्याच धातूची जाड चाकी, आणि दांड्याचं टोक तिच्यावर ठोकून फुलवलेलं, छत्रीसारखं. आटे नाहीत, नट नाही. दुसरं टोक तुटलेलं.

हा मोठ्या जहाजाचा तांब्याचा बोल्ट. भोकातून आरपार ठोकायचा, पलीकडे चाकी घालायची आणि टोक ठोकून पसरायचं. इंचाचं माप म्हणजे इंग्रजी पद्धतीचं काम, तांबं म्हणजे बहुतेक पाण्याखालचा भाग, म्हणजे बहुधा १७८०नंतरचा. मी हे सगळं एका दमात आबांना सांगितलं.

“माझ्या आज्यान हाडलेलो,” ते म्हणाले. “आमी त्येका दारवान म्हणतो.” मग थोडं थांबून, “विकूचो नाय हां.”

विकत घ्यायचाच नव्हता. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला १९७२चा पुरावशेष कायदा लागतो, त्यांच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. फोटो आणि मापं घेऊ का विचारलं, त्यांनी होकार दिला आणि अडसराशेजारी स्वतःही बसले, टोपी नीट करून.

जेवणाचा आग्रह मोडता आला नाही. पितृपक्ष संपला होता, तव्यावर बांगडे होते. सोलकढीची दुसरी वाटी घेताना मेस्त्रींनी विचारलं, “तुमी पुण्याक बोल्ट तपासतास, मगे हय कित्याक शोधतास?” मामेभाऊ म्हणाला, तेच मी चार दिवस विचारतोय.

निघायच्या आधी त्याच खाडीच्या तोंडाशी एक चक्कर मारली आणि एक मशरूमसारखं डोकं सापडलं, बुटकं, घुमटाकार, खाली अंगठ्याएवढा तुकडा. रिवेट. लोखंडी जहाजांचे पत्रे असे लाल तापवलेल्या रिवेटांनी जोडत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वेल्डिंगने त्यांची जागा घेतली. पूलही असेच जोडत, त्यामुळे याच्यावरही फार जीव लावायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं.

घरी

पितळी खिळ्याचे फोटो, जागा, तारीख आणि वजनं लिहून पुरातत्त्व खात्याला मेल केली, ढेकळाचीही. रिवेट सोड्याच्या पाण्यात आहे, डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली, त्यावर आईने मोठ्या अक्षरांत ‘हे इडलीचं नाही’ लिहिलंय. रेल्वेचा खिळा गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून लावला. वाऱ्याने दार आपटायचं, ते थांबलं.

शाडूचा खिळा पुस्तकांच्या कपाटात ठेवला होता. आठवड्याने वाळल्यावर पुन्हा मोजला, नव्या व्हर्नियरने. १४२चा १३४ झालाय, १४चा १३.२. माती आकसते. वहीत दोन्ही मापं लिहिली, पुढे ‘ओला’ आणि ‘सुका’ असं, आणि तारखेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.